घटस्फोटातलं आमचं एकुलतं भांडण

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही दोघंही स्वतःला शहाणे समजत होतो आणि तरीही चढलो. पावसाचे दिवस होते, पायऱ्या ओल्या होत्या, म्हणून एकमेकांना "सांभाळून, पाय घसरेल" असं सांगत चढलो. आमच्या वकीलबाई मागून येत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे बघून कुणालाही वाटेल, लग्न नोंदवायला आलेत." आम्ही दोघंही हसलो. आमची दहा वर्षांची लेक माझं बोट धरून चालत होती. ती हसली नाही, पण हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

आमचा घटस्फोट परस्पर संमतीनं झाला. म्हणजे कुणी कुणावर आरोप केले नाहीत, कुणी साक्षीदार आणले नाहीत, दोघांनी मिळून एकच अर्ज केला. लोकांना हे पचत नाही. दारू होती का? नव्हती. मारझोड? नाही. बाहेर काही? नाही हो. मग? या 'मग'पुढं माझी नेहमी पंचाईत होते. खरं उत्तर इतकंच आहे की आम्ही एकमेकांशी बोलायचं विसरलो. मी पहाटे उठून कंपनीच्या बसनं शेंद्र्याच्या एमआयडीसीत जायची, तिथं क्वालिटीत काम करते. त्याचं औरंगपुऱ्यात शालेय पुस्तकांचं दुकान, तो रात्री नऊला घरी. तो मुळात अबोल, मी मुळात तिखट. एका रविवारी दुपारी मी लेकीला म्हणाले, "बाबांना सांग, ताट वाढलंय," आणि तो तीन फुटांवर बसलेला होता. लेकीनं सांगितलं. त्यानं तिलाच सांगितलं, "आईला म्हणावं, येतो." ते लेकरू आमच्या दोघांत टपालाची ने-आण करत होतं आणि हे किती दिवसांपासून चाललंय ते आम्हाला दोघांनाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी जेवणानंतर मी म्हणाले की हे थांबवू या. तो म्हणाला, "हो." गेल्या कित्येक महिन्यांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

तो दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला गेला. मी आणि लेक सिडकोतल्या फ्लॅटमध्ये राहिलो. शनिवारी संध्याकाळी तो तिला स्कूटरवर न्यायचा, रविवारी संध्याकाळी आणून सोडायचा. असं वर्षभर वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो. अर्ज केला की पहिली तारीख मिळते, आणि पुन्हा विचार करायला सहा महिने देऊन दुसरी. आम्ही अर्ज केला जुलैत. ठरवलं एकच होतं, की भांडायचं नाही. लेकीसमोर तर नाहीच नाही.

याचा आम्हाला गर्व होता, हे कबूल करते. माझ्या माहेरी पिढ्यान्पिढ्या कारकुनी. आमच्याकडे आवाज चढवणं म्हणजे असभ्यपणा. पानात काही नको असेल तर 'नको' म्हणायचं, वाढणारा पुढं जातो, विषय संपला. त्याचं घर पैठणजवळचं, शेतीवाडीचं. तिथं मी नवी सून म्हणून पहिल्यांदा जेवायला बसले आणि 'नको' म्हणाले, तर सासूबाईंनी पोळी पानात टाकली. पुन्हा नको म्हणाले, पुन्हा टाकली. मला वाटलं, या बाईला ऐकू येत नाही. नंतर कळलं की त्या घरात तीनदा नको म्हटल्याशिवाय नको होत नाही, आणि ज्याला आग्रह झाला नाही तो पाहुणा नुसता आला तसा गेला. गंमत अशी की इतक्या वर्षांत नवऱ्यानं माझ्या माहेरचा संकोच उचलला आणि मी मात्र त्यांच्याकडचा आग्रह उचलला नाही. वाण नाही पण गुण लागला, तोही नेमका नको तो.

तर पहिल्या तारखेला आम्हाला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. लेकीच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी होती, घरी कुणी नव्हतं, म्हणून तिला सोबत आणलं होतं. शेजारच्या खोलीत मुलांसाठी खेळणी आणि चित्रांची पुस्तकं होती, तिथं ती बसली. मधलं दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, "मुलीचा ताबा कुणाकडे?"

ताबा हा शब्द मला तेव्हाही खटकला. सासरी तो शब्द जमिनीसाठी वापरतात. पण मी समजूतदार व्हायचं ठरवून आले होते. म्हणाले, "तिला बाबांकडे राहायचं असलं तरी माझी हरकत नाही. मी पहाटेच बाहेर पडते, माझ्याकडे तिची आबाळच होते."

तो म्हणाला, "नाही, आईकडेच राहू दे. माझा सगळा दिवस दुकानात जातो."

"तसं नाही, त्यांच्याकडे आजी येऊन राहू शकते."

"आईला पैठण सोडवत नाही. हिच्याकडेच बरं."

"पण तुमची इच्छा असेल तर मी अडवणार नाही."

"माझीही काही हरकत नाही, तिच्याकडे राहायला."

असं दहा मिनिटं चाललं. बसमध्ये एकच जागा रिकामी झाल्यावर दोन भिडस्त माणसं उभीच राहतात, तसं. शेवटी ताबा माझ्याकडे, शनिवार-रविवार त्याच्याकडे, सुट्ट्या अर्ध्या अर्ध्या असं ठरलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखी समजूतदार जोडपी फार कमी येतात." बाहेर एक कारकून आमचे कागद घेत म्हणाला, "मियाँ बीबी राजी, तो क्या करेगा काजी." आम्ही तिघांनी कोपऱ्यावर उसाचा रस प्यायला आणि आपापल्या घरी गेलो. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं.

नंतरचे दोन महिने लेक इतकी शहाण्यासारखी वागली की शेजारणी मला विचारायला लागल्या, काय खायला घालता. कारल्याची भाजी मुकाट्यानं खायची. सकाळी अंथरुणाची घडी स्वतः करायची. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, कशाला हाक मारावी लागेना. शनिवारी बाबांकडे जाताना तिची एक निळी पिशवी असायची. आधी त्यात एक फ्रॉक आणि एखादं गोष्टीचं पुस्तक असे. आता ती सगळंच भरायला लागली. टूथब्रश, कंगवा, सगळ्या वह्या, चपलांचा दुसरा जोड, उशीचा अभ्रासुद्धा. रविवारी परत येताना पुन्हा सगळंच्या सगळं. मी म्हणाले, "अगं, ब्रश एक तिकडं ठेव ना." ती म्हणाली, "नको. कुणाकडे पसारा नको."

मी कंपनीत दिवसभर पार्ट तपासते. केसाएवढी चीर असली तरी मला दिसते, आणि दिसली की मी तो बाजूला टाकते, मॅनेजर काही का म्हणेना. घरात माझ्या डोळ्यांसमोर एक लेकरू आपली प्रत्येक वस्तू उचलून घेऊन जात होतं आणि मी लोकांना सांगत होते की मुलीनं किती छान स्वीकारलंय. स्वतःचा इतका राग मला दुसऱ्या कशाचाही आलेला नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. सासरी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण, तीन दिवस घर भरलेलं असतं. चौदा वर्षं मी तिथं सोळा भाज्या चिरल्या, पुरण वाटलं, उभ्या महालक्ष्म्यांना साड्या नेसवल्या. त्या वर्षी मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जायचं? लेक बाबांबरोबर पैठणला गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली, निळ्या पिशवीसकट.

त्यानंतर चारच दिवसांनी, माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला दाराची बेल वाजली. दारात सासूबाई. एसटीनं एकट्या आल्या होत्या, हातात कापडी पिशवी, पदर घट्ट खोचलेला. मला वाटलं, झालं, आता 'पोरीकडं बघून तरी' सुरू होणार. लेक आतल्या खोलीत नकाशे रंगवत बसली होती, घटक चाचणी संपल्याची सुट्टी होती. त्यांनी आत डोकावून तिच्या डोक्यावरून हात फिरवला, दार ओढून घेतलं, अर्धवटच, आणि मला म्हणाल्या, "त्याला फोन लाव. दुकान बंद करून ये म्हणावं."

तो अर्ध्या तासात आला. मी चहा ठेवायला उठले.

"चहा नको. बसा दोघं."

आम्ही बसलो. घरात आम्ही एकमेकांना तू म्हणायचो, पण सासूबाईंसमोर मी कायम अहो म्हणत आले होते. आता काय म्हणायचं ते मला सुचेना.

"मी तुमाला एक करायला नाय आले," त्या म्हणाल्या. "चौदा वर्सं बघू राहिले मी. तुमचं जमत नाय हे मला तुमच्या वकिलाच्या आधी कळलंय. सोडा एकमेकाला, खुशाल सोडा. पर लेकराला कामून सोडू राहिले?"

"आई, तिला कुणी सोडत नाहीये," मी म्हणाले. "उलट तिला त्रास नको म्हणून आम्ही भांडण न करता—"

"तेच म्हणते मी. भांडण का नाय? आमच्याकडं बांधावरच्या एका बाभळीपायी भाऊ-भाऊ वीस वर्सं भांडत्यात. अन् तुमच्या दोघात एक पोरगी. तिच्यासाठी एकदा आवाज चढला नाय व्हय तुमचा?"

मग त्यांनी सांगितलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला लेक पंगतीत बसली होती. सासूबाई पुरणपोळी वाढायला आल्या. ती नको म्हणाली. त्यांनी टाकली. ती पुन्हा नको म्हणाली, त्यांनी पुन्हा घे घे म्हटलं, नेहमीसारखं. आणि लेकीनं मान वर करून म्हटलं, "आजी, आग्रह नको करू. शेवटची पोळी उरली की सगळे एकमेकांना घे घे म्हणतात. म्हणजे ती कुणालाच नको असते. कोर्टात आई बाबांना म्हणत होती तुम्ही घ्या, बाबा म्हणत होते तूच घे."

मला ते लोटलेलं दार आठवलं. कारलं आठवलं, उशीचा अभ्रा आठवला, सगळं एकदम आठवलं. तो दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता.

"आता भांडा," सासूबाई म्हणाल्या. "तिला ऐकू जाईल असं भांडा."

आता खरं सांगू का, भांडा म्हटल्यावर भांडता येत नाही. शेवटी तो घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे, ती माझ्याकडे राहिली तर... मलाही आवडेल."

"आवडंल? पोरगी हाय का पिक्चर?"

मला त्याही स्थितीत हसू आलं. आणि सवयीनं, अगदी सवयीनं, मी म्हणाले, "हे बघ, तुला हवी असेल तर—"

"असेल तर?" तो म्हणाला. आवाज एवढा होता की मी दचकले. चौदा वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. "असेल तर म्हणजे काय? शनिवारी ती येणार म्हणून शुक्रवारपासून माझं दुकानात चित्त नसतं. सातवीतल्या पोराला मी नववीची भूमिती बांधून दिली. रविवारी तिला इथं सोडून परत जाताना मी क्रांती चौकात स्कूटर कडेला लावून बसतो, पुढं जाववत नाही म्हणून. आणि तू म्हणतेस, हवी असेल तर?"

"मग बोलला का नाहीस? मला काय मनातलं ऐकू येतं?"

"बोललो असतो तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं! कारण ती माझी आहे. रात्री पाय दुखले की ती मला उठवते. तिच्या शेंगदाण्याच्या ऍलर्जीचं, तिच्या चष्म्याच्या नंबरचं, सगळं मला पाठ आहे. मी नाही देणार."

"मग 'माझी हरकत नाही' कशाला म्हणालीस?"

"तू म्हणालास म्हणून!"

"तू आधी म्हणालीस!"

समोरच्या फ्लॅटमधल्या भाभींनी दार उघडून विचारलं, "सब खैरियत?" सासूबाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं, "खैरियत हाय. घरचंच हाय." भाभींनी दार लावून घेतलं. आम्ही थांबलो नाही. तो म्हणाला, ताबा मी मागणार. मी म्हणाले, मिळणार नाही. तो म्हणाला, बघतोच. मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही.

मध्येच माझं लक्ष गेलं तर लेक दारात उभी होती. हातात हिरवा खडू. मला वाटलं, घाबरली असेल, आणि मी आवाज आवरला. पण ती घाबरली नव्हती. तोंड थोडं उघडं, डोळे एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे. सासूबाईंनी हातानंच मला खूण केली, चालू द्या. मी चालू दिलं. बऱ्याच वेळानं लेकीनं विचारलं, "म्हणजे मी दोघांनाही पाहिजे?"

"हो," आम्ही दोघंही म्हणालो. अजून रागातच.

"खरंच?"

"हो म्हटलं ना!" मी ओरडले. आणि मग ती रडली. दोन महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती, ते सगळं त्या दिवशी आजीच्या मांडीवर रडून घेतलं. सासूबाई तिच्या पाठीवर थोपटत होत्या आणि आमच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्यांचं काम झालं होतं. दुपारच्या एसटीनं त्या परत गेल्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती, पण भांडण खरं लागलं होतं. 'बघतोच' हे तो नुसतं बोलण्यासाठी बोलला नव्हता. दुसऱ्याच दिवशी वकीलबाईंचा फोन आला. "काय झालं हो तुमच्यात? तुमचे मिस्टर येऊन गेले, मुलीचा ताबा मागायचा म्हणतात. असं झालं तर संमतीचा अर्ज राहणार नाही. एकानं जरी संमती काढून घेतली तर सगळं पहिल्यापासून, आणि मुलीचं वेगळं प्रकरण. चालत राहील ते." त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते मला माहीत. कंपनीत दोनदा चांगले पार्ट नापास केले. सासूबाईंवरही चिडले मनातल्या मनात, बरं चाललेलं होतं, कशाला आग लावली म्हणून. लेक मात्र मजेत होती. कारलं ताटाच्या कडेला सरकवायला लागली होती.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. मी कॅन्टीनच्या बाहेर लिंबाखाली उभी राहून घेतला.

"मी ताबा मागत नाही," तो म्हणाला. "शाळा तुझ्याकडून जवळ आहे. आणि तिला मधेच उपटून नेणं बरं नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण एक आहे," तो म्हणाला. "मी मागितली असती. मला ती नको होती म्हणून सोडली असं उद्या कुणी कागद वाचून म्हणायला नको. तिनं तर नकोच. ते कुठंतरी लिहून ठेवायचंय मला."

मी लिंबाखाली उभी राहून रडले. लग्न मोडत आल्यावर मला कळलं की या माणसाला काय हवं असतं ते तो सांगू शकतो. चौदा वर्षांत मी त्याला कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. एकदा 'नको' किंवा 'चालेल' म्हणाला की मी माझ्या माहेरच्या रीतीनं पुढं निघून जायची. हे वेळेवर कळलं असतं तर आमचा संसार टिकला असता असं मी म्हणणार नाही, तेवढी भाबडी मी नाही. पण कळलं याबद्दल मी ऋणी आहे.

आम्ही दोघं मिळून वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो. जुन्या कागदावर वाक्य होतं, 'अल्पवयीन मुलीचा ताबा अर्जदार क्रमांक दोन यांच्याकडे राहण्यास अर्जदार क्रमांक एक यांची हरकत नाही.' ते काढून आम्हाला लिहायचं होतं की मुलगी आपल्याजवळ राहावी अशी दोन्ही अर्जदारांची इच्छा आहे, तरी तिची शाळा आणि सोय पाहून ती आईकडे राहील.

"असं कुणी लिहीत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "इच्छा वगैरे घातलं की कोर्टाला शंका येते. नकोच ते."

"असू द्या," मी म्हणाले.

"अहो, उगीच प्रश्न विचारतील. नको."

"विचारू द्या. लिहाच तुम्ही," तो म्हणाला.

तिसऱ्यांदा त्या नको म्हणाल्या नाहीत. चष्मा पुसला आणि लिहिलं. शनिवार-रविवार होताच. सुट्ट्यांच्या यादीत महालक्ष्म्यांचे तीन दिवस घालायचे राहिले होते, ते मी घालायला लावले, पैठणला, आजीकडे.

दुसरी तारीख जानेवारीत होती. न्यायाधीश बाईंनी कागद वाचले आणि त्या वाक्याशी थांबल्या. "दोघांनाही मुलगी हवी आहे. मग वाद आहे का तुमच्यात?"

मी तोंड उघडायच्या आत तो बोलला. "वाद नाही, मॅडम. पण हवी आहे."

"मलाही," मी म्हणाले.

त्यांनी बाहेर बसलेल्या लेकीला आपल्या खोलीत बोलावलं, एकटीला. पाच-सात मिनिटांनी ती बाहेर आली. आत काय बोलली ते तिनं आम्हाला आजवर सांगितलेलं नाही. आम्ही सह्या केल्या. बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या, त्याही दिवशी एसटीनंच आल्या होत्या. मी पायाला हात लावायला वाकले तर माझे खांदे धरून म्हणाल्या, "भाद्रपदात ये. सून म्हणून नाय बोलवत. माझ्या नातीची आई म्हणून ये." मी म्हणाले, "नको आई, लोक काय म्हणतील." त्या म्हणाल्या, ये. मी पुन्हा नको म्हणाले. त्या पुन्हा ये म्हणाल्या. मी गेले. पुरण मीच वाटलं. अजूनही मी त्यांना आईच म्हणते. कोर्टानं माझा नवरा सोडवला, सासू नाही.

ज्या बाईनं माझ्या घरात येऊन भांडण लावलं, तिचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. ते फेडायचेही नाहीत मला. राहू देत माझ्याकडे.

मागच्या शनिवारची गोष्ट. तो खाली स्कूटरवर वाट बघत होता. लेक आता बारावं वर्ष संपवतेय, आंघोळ करून निघाली ती हात हलवत. निळी पिशवी दाराच्या मागे रिकामी लटकत होती, दुसरा ब्रश कधीचा तिकडं गेलाय. माझ्या गादीवर ओला टॉवेल, एक मोजा खुर्चीवर, दुसरा देवालाच माहीत. मी गॅलरीतून ओरडले, "टॉवेल उचल आधी!"

"तूच उचल!" ती स्कूटरवर बसत ओरडली. "उद्या येणारच आहे ना मी."

त्यानं वर बघितलं, खांदे उडवले आणि स्कूटर सुरू केली. मी आत आले. टॉवेलकडे बघितलं. उचलला नाही. रविवारी संध्याकाळी ती परत येईपर्यंत तो तिथंच पडून होता, आणि ती आल्यावर आम्ही दोघी त्यावरून पोटभर भांडलो.